उंबऱ्याबाहेर थांबलेला कायदा

साहित्याची समीक्षा करणाऱ्याने नियमावलीची समीक्षा कशासाठी करावी, असा प्रश्न आमच्या काही मित्रांना पडेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या समाजाने शतकानुशतके ज्या ग्रंथांचा मार खाल्ला ते बहुतेक नियमांचे ग्रंथ होते. कोणी कोठे राहावे, काय ल्यावे, कोणाच्या दारात किती अंतरावर उभे राहावे, हे सांगणारे ते नियम. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे जाळले गेले तेही नियमांचेच पुस्तक होते. तेव्हा नियमाची भाषा वाचता येणे, त्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण हे ओळखता येणे, ही आपल्या समीक्षेची जुनी गरज आहे. कवितेच्या समीक्षेत आपण बरीच मजल मारली. या कामात आपण मागे आहोत.

निमित्त असे घडले. 16 जून हा घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय दिवस. 2011 साली त्याच तारखेला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांच्या हक्कांचा 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. आमच्या अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांनी त्याची कलमे मराठीत करून वाचली आणि वर्गात मोठा उत्साह संचारला. परदेशात जाऊन दुसऱ्याच्या घरात म्हातारी माणसे, आजारी माणसे, तान्ही मुले सांभाळणाऱ्या लाखो बायकांना आता कायद्याचे छत्र मिळाले, असा एकूण सूर होता. मी त्या दिवशी फारसे बोललो नाही. आनंदात मिठाचा खडा टाकणारा मास्तर कोणालाच आवडत नाही. पण तेव्हा जे मनात राहिले ते येथे मांडतो.

माझे म्हणणे तपासायला मी कॅनडा हा देश निवडतो. आखाती देशांतल्या कफाला पद्धतीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु ज्या नियमाचा अन्याय उघड्या डोळ्यांना दिसतो तो वाचण्यात समीक्षेचा कस लागत नाही. कॅनडाचे नियम सभ्य भाषेत लिहिलेले आहेत. ते पुन्हा पुन्हा सुधारलेले आहेत. प्रत्येक सुधारणा त्या बायकांच्या भल्यासाठी केली असे तेथल्या सरकारने सांगितलेले आहे. म्हणून ते वाचण्यासारखे आहेत.

1910-11 साली ग्वाडलूप बेटावरून सुमारे शंभर काळ्या बायका घरकामासाठी क्युबेकमध्ये आणल्या गेल्या. मंदी आली तेव्हा त्यांतल्या काहींना चारित्र्याचे कारण दाखवून परत धाडले गेले. ही प्रस्तावना म्हणू. खरी कथा 1955 पासून सुरू होते. त्या वर्षी जमैका आणि बार्बाडोस या बेटांवरून बायका आणण्याची योजना निघाली. पहिल्या वर्षी शंभर. योजना 1967 साली थांबेपर्यंत सुमारे तीन हजार. अटी अशा: बाई तरुण हवी, अविवाहित हवी, मूलबाळ नसलेली हवी, आठवी इयत्तेपर्यंत तरी शिकलेली हवी, आणि वैद्यकीय तपासणीत उतरलेली हवी. एक वर्ष घरकाम करायचे, मग वाटेल ते काम करायला मोकळीक. मुख्य म्हणजे त्या देशात पाऊल ठेवताच तिला कायम वास्तव्याचा हक्क मिळे. ग्रेनाडाची जीन ऑगस्टिन 1960 साली याच योजनेतून आली, घरकाम केले, पुढे शिक्षिका झाली आणि 1993 साली कॅनडाच्या संसदेवर निवडून गेलेली पहिली काळी स्त्री ठरली. ही गोष्ट तेथे अभिमानाने सांगितली जाते. तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्यांची गोष्ट कोण सांगणार, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. एका बॅरिस्टराच्या उदाहरणावर सगळ्या वस्तीचा हिशोब चुकता करायची युक्ती आपण पाहिलेली आहे.

आता या इतिहासातली विसंगती पाहा. 1955 साली कॅनडाचे परदेशी माणसांविषयीचे धोरण उघड उघड वर्णद्वेषी होते. ही योजनाच मुळी अपवाद म्हणून होती. तरीही त्या अपवादातून आलेली बाई वर्षभरानंतर मोकळी होई. पुढे 1962 साली वर्णाची अट बरीचशी निघाली, 1967 साली गुणांची पद्धत आली. कातडीचा रंग न पाहता शिक्षण, कौशल्य, भाषा यांवर माणूस मोजायचा असे ठरले. प्रगती झाली. आणि या प्रगतीच्या तराजूत घरकामाचे वजन जवळजवळ काहीच भरेना! 1973 पासून तात्पुरत्या परवान्याची पद्धत सुरू झाली. बाईने यावे, ठरलेल्या मालकाकडे राबावे, मुदत संपली की जावे. जुन्या नियमाने तिचा रंग पाहिला होता आणि हक्क दिला होता. नव्याने रंग पाहिला नाही आणि हक्कही दिला नाही. काम तेच, घर तेच, बेटेही बरीचशी तीच. जातीचा उल्लेख नसलेल्या 'गुणवत्ते'च्या यादीत कोणाची नावे खाली राहतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

1970 च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या सात आयांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. त्यांचा गुन्हा काय? अर्जात आपल्याला मुले आहेत हे त्यांनी लिहिले नव्हते. मूल असलेल्या बाईला कोणी घेत नव्हते म्हणून मूल लपवले, आणि पुढे तेच मूल आपल्याजवळ आणायचे म्हटल्यावर खोटे उघडे पडले. नियमाची रचना जरा बारकाईने पाहा. दुसऱ्याचे मूल मायेने वाढवणारी बाई हवी. पण स्वतःचे मूल असलेली नको. माया हवी, ती कोठून आली हे विचारायचे नाही. अशा नियमाने प्रामाणिक बाईला घरी बसवले आणि गरजू बाईला खोटे बोलायला लावले; नंतर त्या खोट्याचा खटला तिच्यावरच भरला. टोरांटोत मोठी चळवळ झाली. 'राबायला चालतो तर राहायलाही चालतो' या अर्थाची तिची घोषणा होती. 1979 साली त्या बायकांना राहू दिले गेले. त्याच वर्षी टोरांटोत घरकामगारांची 'इंटरसीड' ही संघटना उभी राहिली. 1981 चा नवा नियम, म्हणजे दोन वर्षे मालकाच्या घरात राहून काम केले तर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येईल हा, सरकारच्या दयेतून आलेला नाही. तो या भांडणातून आलेला आहे.

याच काळातले एक पुस्तक आपल्या वाचकांच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते. मकेडा सिल्व्हेरा ही जमैकात जन्मलेली, लहानपणी कॅनडात आलेली लेखिका. तिने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या घरकामगार बायकांशी बोलून त्यांची निवेदने 1983 साली 'सायलेन्स्ड' या नावाने प्रसिद्ध केली. सायलेन्स्ड म्हणजे गप्प केलेल्या. मुक्या नव्हेत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मुक्याला वाचा देण्याचा आव आणणारे संपादक आपल्याकडेही होऊन गेले. त्या बायकांच्या बोलण्याचा बेटांवरचा बाज पुस्तकात राखलेला आहे. पगार, कामाचे तास, खोलीचे दार, घरधन्याचा हात, मागे राहिलेली मुले: विषय हेच. आमच्या आत्मकथनांशी याचे नाते उघड आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' त्याच दशकातले.

परंतु समीक्षकाने नाते दाखवून थांबू नये. आपल्या आत्मकथनांचे पांढरपेशा वाचकाने काय केले? 'किती हो भोगलेत तुम्ही' असे म्हणून डोळे पुसले आणि पुस्तक फडताळात ठेवले. भोगलेल्याचे वर्णन वाचले, भोगायला लावणारी यंत्रणा वाचली नाही. 'सायलेन्स्ड'चेही असे वाचन सहज होऊ शकते. एक वाईट मालकीण, एक लंपट मालक, एक बिचारी बाई. मालकीण चांगली मिळाली असती तर प्रश्नच नव्हता! म्हणून माझा आग्रह असा की, हे पुस्तक कॅनडाच्या नियमावलीशेजारी ठेवून वाचावे. मग कळते की मालकीण चांगली की वाईट हा योगायोगाचा भाग आहे. तिला चांगले किंवा वाईट असण्याची मुभा कोणी दिली, हा नियमाचा भाग आहे.

ती मुभा कोणत्या कलमात आहे? 1992 साली जो कार्यक्रम आला त्याच्या नावातच उत्तर होते. त्याला 'लिव्ह-इन' म्हणत. बाईने मालकाच्या घरातच राहिले पाहिजे. अशी चोवीस महिन्यांची सेवा तीन वर्षांच्या आत भरली तरच वास्तव्याचा अर्ज. परवान्यावर एका मालकाचे नाव. मालक बदलायचा तर नवा परवाना, आणि तो येईपर्यंतचे महिने हिशोबात धरायचे नाहीत. आता बारावी शिकलेली आणि प्रशिक्षण घेतलेली बाई हवी होती. या वाटेने आलेल्यांत फिलिपाइन्सच्या बायका फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या कित्येक मायदेशी शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या.

घरात राहण्याची सक्ती कशासाठी? सरकारी उत्तर सरळ होते. मुले व वृद्ध सांभाळणाऱ्या बायका देशात मिळत नाहीत असे नाही. घरात राहून सांभाळणाऱ्या मिळत नाहीत. म्हणजे मोकळा नागरिक जे काम त्या अटीवर नाकारतो, ते काम करण्यासाठी नाकारण्याची ताकद नसलेला माणूस बाहेरून आणायचा. हे वाक्य सरकारने अर्थातच असे लिहिले नाही. पण त्याच्या उत्तरातून दुसरा अर्थ काढून दाखवावा.

येथे मला 1928 साल आठवते. त्या वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महारकीचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही अभ्यासण्यासारखे आहे. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामाची यादी ठरलेली नाही, वतनदार गैरहजर असेल तर त्याच्या घरातले माणूस हजर पाहिजे, आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. हाक येईल तेव्हा जायचे. चोवीस तास मालकाच्या छपराखाली राहणाऱ्या बाईची नोकरी याच जातीची आहे. रात्री दोन वाजता म्हातारा खोकला तर उठायचे. ते काम की झोप? भाजी चिरताना मुलाकडे लक्ष ठेवायचे. हे एक काम की दोन? कारखान्याला भोंगा असतो. 1946 साली, बाबासाहेब मजूरमंत्री असताना तयार झालेल्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, तो भोंग्यामुळे मोजता तरी आला. घराला भोंगा नसतो.

साम्य ताणू नये हेही खरे. महारकी जन्माने यायची आणि मेल्यावर पोराच्या गळ्यात पडायची. कॅनडातली बाई स्वतः अर्ज करून गेलेली आहे, आणि चोवीस महिन्यांपलीकडे तिला एक दार दिसते आहे. पण त्या दारामुळेच ती चोवीस महिने तोंड उघडत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. वचन हीच बेडी. आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, तक्रार का करत नाहीत त्या?' तक्रार केली तर नोकरी जाते, नोकरीबरोबर खोली जाते, खोलीबरोबर महिने जातात, महिन्यांबरोबर वास्तव्य जाते, आणि मागे राहिलेल्या मुलांना आणायचे राहून जाते. एका धाग्याला सगळे बांधून ठेवल्यावर तक्रारपेटी दारात टांगली काय आणि न टांगली काय!

या नियमाचा आणखी एक नमुना. देशात येताना वैद्यकीय तपासणी, आणि दोन वर्षे राबून झाल्यावर वास्तव्यासाठी पुन्हा तपासणी. मधल्या काळात कर्करोग झाला असे एका फिलिपिनो बाईच्या बाबतीत दुसऱ्या तपासणीत निघाले आणि तिचा अर्ज नाकारला गेला. इतरांच्या आजारपणात राबलेली बाई स्वतः आजारी पडली म्हणून नालायक! फार ओरड झाली, तिला वास्तव्य मिळाले, आणि 2009 साली ती वारली. 2010 साली ती दुसरी तपासणी रद्द झाली. अशा सुधारणा मेलेल्या माणसांच्या खात्यावर जमा असतात.

2014 च्या अखेरीस घरात राहण्याची सक्ती उठली. हा मोठा विजय होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी वास्तव्याच्या अर्जांना वर्षाला साडेपाच हजारांची मर्यादा पडली, भाषेची परीक्षा आणि कॅनडाच्या तोडीचे उच्च शिक्षण मागितले गेले. 2019 मध्ये परवान्यावरचे एका मालकाचे नाव गेले, त्या जागी व्यवसायाचे आले. तीही योजना 2024 मध्ये संपली. 31 मार्च 2025 रोजी नवी योजना उघडली, तेव्हा देशात आधीपासून असलेल्या बायकांसाठीच्या जागा त्याच दिवशी भरल्या. घराचे दार उघडले की देशाचे दार ओढून घ्यायचे, असा हा सत्तर वर्षांचा खेळ आहे. त्यात कोणाचा दुष्टपणा शोधू नये. मालक स्वस्त आणि हुकमी बाई मागतो, सरकार ती पुरवते, चळवळ आडवी येते, सरकार एक कलम मागे घेते आणि दुसरे पुढे करते.

आता 189 क्रमांकाच्या करारकडे पुन्हा वळतो. त्याच्या नवव्या कलमात मालकाच्या घरात राहायचे की नाही हे उभयतांनी ठरवायचे, सुटीच्या वेळात घरात थांबण्याची सक्ती नाही, पासपोर्ट बाईच्याच जवळ राहील, असे आहे. दहावे कलम आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती सांगते. ही कलमे लिहून घेण्यासाठी जगभरच्या घरकामगार बायका जिनिव्हापर्यंत गेल्या, हे विसरून मी बोलत नाही. विद्यार्थ्यांचा उत्साह अनाठायी नव्हता. पण सतरावे कलम वाचा. त्यात तपासणीची तरतूद आहे, आणि घराच्या खासगीपणाचा मान राखून निरीक्षकाला आत जाता येईल अशा अटी ठरवाव्यात असे म्हटले आहे. खासगीपणा कोणाचा? त्या घरात दोन माणसे राहतात असे धरले, तर कडी नसलेल्या खोलीत झोपणाऱ्या बाईचाही खासगीपणा असायला हवा. कलमातला 'खासगी' हा शब्द मात्र उंबऱ्यावर उभा राहून बाहेर तोंड करून पहारा देतो. त्याची पाठ बाईकडे आहे.

आणि करार कोणावर बंधनकारक? जो देश त्याला मान्यता देईल त्यावर. फिलिपाइन्सने 2012 मध्ये दिली, म्हणजे बायका पाठवणाऱ्या देशाने. कॅनडाने दिलेली नाही. भारताने 2011 साली बाजूने मत दिले आणि मान्यता आजतागायत दिलेली नाही. मत द्यायला खर्च येत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तर संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा जो कायदा आहे, त्यात खासगी घरात काम करणाऱ्या घरगड्याला तो लागू नाही असे आजही लिहिलेले आहे. एवढी एक ओळ वाचली की बाकीच्या संरक्षक नियमांची किंमत कळते. बाईचे रक्षण आम्ही करू; तिने चारचौघींना घेऊन स्वतःचे रक्षण करायचे नाही.

आपल्या सरकारचे संरक्षण आणखी वेगळ्या तऱ्हेचे. दहावी न झालेल्या, तीस वर्षांखालच्या बाईला आखाती आणि इतर काही देशांत घरकामासाठी जाण्याची परवानगीच द्यायची नाही असा आपला नियम. बाई संकटात पडू नये म्हणून तिलाच कोंडून ठेवायचे. बंदीमुळे जाणे थांबत नाही. दलालाचा दर वाढतो आणि नोंद नाहीशी होते. मनूलाही स्त्रीच्या रक्षणाची फार काळजी होती.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट लपवली तर माझा लेख खोटा ठरेल. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. पत्नी नोकरीला, मी महाविद्यालयात. एका एजन्सीमार्फत आम्ही चोवीस तासांची बाई ठेवली. विदर्भातल्या एका खेड्यातून आलेली, आपल्याच समाजाची. एजन्सीच्या छापील कागदावर तिच्या कर्तव्यांची सोळा कलमे होती. सुटीचे एकही नव्हते. मी तो कागद वाचला आणि सही केली. ज्या माणसाने वर्गात वेठबिगारी शिकवली त्याने सही केली. माझी आई स्वतः वीस वर्षे लोकांकडे धुणीभांडी करत होती. जीभ जड झालेली असतानाही तिने महिनाभराने विचारले, 'हिला घरी कधी धाडता रे?'

मग आम्ही कागदावर रविवार लिहून घेतला. एजन्सीने बदली बाईचे वेगळे पैसे सांगितले, ते परवडेनात. तेव्हा रविवारी आईचे सगळे मी करायचे ठरले. पहिले दोन महिने ते रविवार पत्नीनेच काढले, हेही लिहून टाकतो. आता मी काढतो. रविवारच्या बैठकांना मी येत नाही अशी कार्यकर्त्या मित्रांची तक्रार आहे. बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवल्यास येईन.